मालीश झाली, पण हात दोरीपर्यंत जाईना

प्रश्न: मी ५४ वर्षांची आहे. सांगलीजवळच्या गावात राहते. तीस वर्षं घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर जातात, त्यामुळे मान आणि खांदे कायम भरलेले असतात. वाढदिवसाला पुण्याच्या लेकीने शहरातल्या एका मसाज सेंटरचं चार वेळांचं पॅकेज भरून दिलं. पहिल्यांदाच गेले. दीड तास मालीश झाली, 'डीप टिश्यू' म्हणाल्या. ती मुलगी कोपराने दाबत होती. डोळ्यांतून पाणी आलं, पण तिला कसं बोलायचं म्हणून दात आवळून पडून राहिले. त्या संध्याकाळी हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी उठले तर पाठ, खांदे, दंड इतके ठणकत होते की दोरीवर साडी वाळत टाकता येईना. उजव्या खांद्यामागे निळा डाग पडलाय. सेंटरला फोन केला तर म्हणाल्या, अंगातलं विष बाहेर पडतंय, भरपूर पाणी प्या आणि परवाच दुसऱ्या वेळेला या, म्हणजे मोकळं होईल. सासूबाई म्हणतात, दुखतंय तिथेच गरम तेलाने पुन्हा रगड. दोन दिवस मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घेतेय. लेकीला सांगितलेलं नाही, तिला वाईट वाटेल. हे दुखणं साधं आहे का? दुसऱ्या वेळेला जाऊ की नको? पैसे तर भरलेत. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली, त्याच्या गोळ्या चालू आहेत. बाकी तब्येत ठीक आहे.

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी शेवटून वाचलं असं म्हटलं तरी चालेल, कारण शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि मी आधी फोन हातात घेतला. त्या दिवशी तुम्ही गोळ्यांच्या पट्ट्या समोर ठेवून मला एकेक नाव वाचून दाखवलंत. ॲस्पिरिन, रात्रीची कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन आणि मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक. ही तिसरी गोळी तेवढी तिथल्या तिथे थांबवा आणि तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, असं मी सांगितलं आणि तुम्ही ते केलंत. लघवीचा रंग नेहमीसारखाच आहे, छातीत काही होत नाही, हाताला मुंग्या नाहीत, हेही तुम्ही सांगितलंत. तेव्हा मला हायसं वाटलं. आता इथे सविस्तर लिहिते. तुमच्यासारख्या गोळ्या घेणाऱ्या आणि दात आवळून पडून राहणाऱ्या बायका मी बावीस वर्षांच्या फिजिओथेरपीत फार पाहिल्यात.

आधी तुमचा सरळ प्रश्न. जोरकस मालीशीनंतर दुसऱ्या दिवशी अंग ठणकणं हे बहुतेक वेळा साधं असतं. उन्हाळ्यात चटई-गाद्या गच्चीवर नेल्या, दिवाळीला माळा साफ केला, की दुसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड जसे भरून येतात, त्याच जातीचं हे दुखणं. सवय नसलेल्या स्नायूवर एकदम ताण पडला की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, तिथे थोडी सूज येते, आणि ती उतरेपर्यंत हात लावला तरी दुखतं. म्हणूनच दुखणं लगेच येत नाही, रात्र मध्ये जावी लागते. साधारण २४ ते ४८ तासांत ते सगळ्यात जास्त असतं, आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. हे आजचं ज्ञान नाही. अमेरिकेतले थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच बोटाच्या स्नायूंवर प्रयोग करून, उशिराने येणारं हे दुखणं थकव्याचं नसून स्नायूतल्या बारीक फाटण्याचं असावं, असं मांडलं होतं. तुमच्या बाबतीत व्यायामाच्या जागी कोपर होतं, एवढाच फरक.

मग त्या 'विष बाहेर पडतंय'चं काय? ताई, असं कुठलंही विष स्नायूत साठून बसलेलं नसतं, की जे दाबल्यावर पिळून निघावं. रक्तातली नको ती द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात, त्यांना कोपराची गरज लागत नाही. कुणी 'लॅक्टिक ॲसिड' असं नाव घेतलं तर तेही खरं नाही. दमणूक झाल्यावर वाढलेलं लॅक्टिक ॲसिड तासाभरात रक्तातून निवळतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबत नाही. पाणी तहानेप्रमाणे जरूर प्या. पण लोटाच्या लोटा पाणी प्यायल्याने ठणका धुऊन जात नाही. या समजुतीचा मला राग येतो तो एवढ्यासाठी, की तिच्यामुळे झालेली इजा चांगली गोष्ट ठरते. दुखलं म्हणजे काम झालं, जास्त दुखलं म्हणजे जास्त काम झालं, असं एकदा मनात बसलं की थांबायचं कुठे ते कुणालाच कळत नाही, करणाऱ्यालाही नाही आणि करून घेणाऱ्यालाही नाही.

निळा डाग मात्र वेगळा. ॲस्पिरिनमुळे रक्ताच्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना लवकर चिकटत नाहीत. तुमच्या हृदयाच्या धमनीत बसवलेल्या जाळीत (स्टेंटमध्ये) गुठळी होऊ नये म्हणून तेच तर हवं असतं. पण त्यामुळेच कातडीखाली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली तर रक्त थोडं जास्त वेळ पाझरतं आणि डाग मोठा पडतो. तो निळ्याचा हिरवट, मग पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जाईल. पसरत चालला, खाली कडक गाठ लागली किंवा दुखणं वाढत गेलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि डाग पडतो म्हणून ॲस्पिरिन स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. हे मी दोनदा लिहायला तयार आहे.

त्या सेंटरमध्ये तुम्हाला आत नेण्यापूर्वी 'कुठली औषधं चालू आहेत?' असं कुणी विचारलं का? नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. 'मीपण सांगितलं नाही, मालीशीचा आणि हृदयाच्या गोळीचा काय संबंध?' हेही म्हणालात. संबंध आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांपैकी रक्त पातळ ठेवणारं काहीही चालू असेल तर कोपर, अंगठ्याचं टोक, पाय देऊन तुडवणं हे प्रकार नकोतच, तळहाताची मालीश पुरे. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही काही जणांचे स्नायू दुखतात. तुमचे नेहमीचे भरलेले खांदे त्यामुळे असतील असं मी म्हणत नाही, त्याला तीस वर्षांची शिलाई पुरेशी आहे. पण हा ठणका गेल्यावरही दोन्ही मांड्या, दोन्ही दंड उगीचच दुखत राहिले तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

डायक्लोफेनॅक का थांबवायला लावली, ते नीट समजून घ्या. आपल्याकडे मेडिकलमध्ये 'अंग दुखतंय' म्हटलं की तीच हातावर ठेवतात. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या माणसाने ती घेऊ नये. तिने हृदयाचा धोका वाढतो, आणि ॲस्पिरिनच्या जोडीने पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. पित्ताचा त्रास असेल तर आणखीच. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही तुमच्या डॉक्टरांना विचारून. सर्दीतापाच्या गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते धरून २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही.

आता सासूबाईंचं तेल. त्यांचा जीव तुमच्यासाठी तुटतोय, म्हणून त्यांना नाही म्हणू नका, पण 'रगडणं' तेवढं काढून टाका. आपल्याकडे दुखण्यावर जोर काढायची जुनी खोड आहे. उसण भरली की पायाळू माणूस शोधून पाठीत लाथ मारून घेणारी माणसं माझ्या आजोळी मी लहानपणी पाहिली आहेत. इजा झालेला स्नायू पुन्हा चोळला तर त्याची भरपाई लांबते. तीळतेल कोमट करा, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघा, आणि सासूबाईंना म्हणा, 'आई, नुसता तळहात फिरवा, बाळाला लावतो तसा.' निळ्या डागावर तेवढाही नको. बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावश्यांचा हात आठवा, तेल जिरतं पण बाळ रडत नाही.

पहिले दोन दिवस डाग पडलेल्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवला तर बरं वाटतं. ते दिवस आता गेले. आता शेक चालेल. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. तिच्यावर झोपून जाऊ नका. झोप लागली की चटका बसतो आणि कळत नाही.

आणि पडून राहू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला गोळीही लागत नाही, तेलही नाही. तुमच्याकडे शिलाईचा खडू असेलच. सकाळी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभ्या राहा, बोटं भिंतीला टेकवा आणि कोळी चढावा तशी एकेक बोट पुढे टाकत हात वर न्या. ओढ बसायला लागली की थांबा, दोन श्वास तिथेच घ्या, आणि खडूने बारीक रेघ मारा. खेचायचं नाही. मग बोटांनीच उतरा. असं पाच वेळा, दोन्ही हातांनी. मग खांदे कानांकडे उचला आणि सोडून द्या, दहा वेळा. अंगणात दहा मिनिटं चाला, हात मोकळे हलू द्या. हलकी हालचाल झाली की दुखणारे स्नायू सैल पडतात, हे तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच जाणवेल. रोज सकाळी नवी रेघ. ती वर सरकत असेल तर दुखणं योग्य वाटेवर आहे.

काही गोष्टी मात्र घरी बसून बघायच्या नाहीत. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू फार चिरडला गेल्याची ती खूण असू शकते. त्यात मूत्रपिंडाला धोका असतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल-गरम झाली, तर ती कुणालाही चोळू द्यायची नाही, आत गुठळी असू शकते. हातापायात बधिरपणा उतरला, पकड ढिली झाली, तरी दाखवायचं. मान जोराने वळवून 'कट्' आवाज काढायचा प्रकार कुणालाही करू देऊ नका, मसाज सेंटरमध्येही नाही आणि सलूनमध्येही नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतूनच वर जातात. त्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, तोल जाणं असं काही झालं तर वेळ घालवायचा नाही.

तुमच्यासाठी आणखी एक, आणि याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटली. अँजिओप्लास्टी झालेल्या बाईने खांद्याचं, दंडाचं दुखणं 'मालीशीचंच असेल' म्हणून अंगावर काढू नये. स्नायूचं दुखणं दाबलं की वाढतं, हात विशिष्ट दिशेला नेला की वाढतं, बोटाने जागा दाखवता येते. चालल्यावर किंवा जिना चढल्यावर छाती आवळल्यासारखी होणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, घाम फुटणं, धाप लागणं, मळमळणं हे वेगळं. बायकांमध्ये कधी कधी छातीत फारसं काहीच होत नाही, नुसती धाप आणि अतोनात थकवा येतो. शंका आली तरी १०८ ला फोन करा. उगीच फोन केला असं कुणीही म्हणणार नाही.

आता तुम्ही जे अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात, त्याकडे येते. 'तिला कसं बोलायचं म्हणून दात आवळून पडून राहिले.'

मी शिकत असताना एका आजींच्या खांद्यावर उपचार करत होते. अंगठा रोवून दाबत होते, आणि त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर बाजूला केला तर माझ्या अंगठ्याएवढे चार काळेनिळे डाग. मी म्हटलं, 'आजी, सांगितलं का नाही?' त्या म्हणाल्या, 'तू शिकलेली, तुला कळतंय म्हणून गप्प बसले.' ते डाग मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून उपचार करताना मी चेहरा बघते, पायाची बोटं बघते, श्वास ऐकते. श्वास रोखला गेला, बोटं मुडपली, जबडा आवळला की हात जास्त झाला. त्या वेळी अंगच आपला बचाव करत असतं. स्नायू आतून आखडून कोपराला विरोध करतो, आणि वरून करणारीला वाटतं की गाठ फार घट्ट आहे, अजून जोर हवा. दोघींची झुंज लागते, आणि मार खातो तो खांदा.

तुमच्या भागात तालमी आहेत. पैलवानांची मालीश किती जोराची असते, तुम्ही पाहिलं असेल. पण त्यांचं अंग रोजच्या रोज त्या हाताखाली जातं, लहानपणापासून. त्यांचा हात वर्षातून एकदा मालीश करून घेणाऱ्या अंगाला लावायचा नसतो. आणि वस्तादसुद्धा पोरगं कण्हलं की हात बदलतो.

म्हणून पुढच्या वेळेचं सांगते. परवाच जाऊ नका. ठणका पूर्ण जाऊ द्या, डाग पिवळा पडून विरू द्या, आणि त्यानंतर एक आठवडा जाऊ द्या. सेंटरला फोन करून 'माझी अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, मला डाग पडलाय, तारीख पुढे ढकला' असं सरळ सांगा. त्या आधी डॉक्टरांना मालीश चालेल का ते विचारून घ्या. जाल तेव्हा दीड तास नको, अर्धा-पाऊण तास पुरे, आणि कोपर नको. आत गेल्यावर, झोपायच्या आधीच म्हणा, 'दहापैकी पाचच्या वर दुखलं की मी सांगणार, तेव्हा हात हलका करायचा.' आधीच बोलून ठेवलं की मधे तोंड उघडायला जड जात नाही. 'हात हलका करा', एवढे तीनच शब्द. ज्या मुलीला हे ऐकून राग येतो तिच्या हाताखाली पाठ द्यायची नाही. त्यांनी तारीख बदलायला नकार दिला किंवा 'दुखल्याशिवाय बरं कसं होणार' असं उत्तर दिलं, तर उरलेल्या तीन वेळा सोडून द्या. लेकीचे पैसे गेले याचं वाईट वाटेल, मला कळतं. पण त्या पैशांनी तिने तुम्हाला आराम घेतला होता, डाग घेतला नव्हता.

लेकीला सांगा, ताई. तिला वाईट वाटेल, हो, एखादा दिवस. पण तुम्ही लपवलंत आणि पुढच्या वर्षी तिने पुन्हा हेच दिलं, तर काय कराल? शिवाय ती पुण्यात बसून त्या सेंटरशी तुमच्यापेक्षा ठणकावून बोलू शकेल, ते काम तिच्याकडे द्या.

राहिली मूळ गोष्ट, भरलेले खांदे. चांगली मालीश दोन-चार दिवस आराम देते, झोप चांगली लागते, आणि तेवढ्यासाठी ती जरूर घ्यावी. पण शनिवारी मोकळा केलेला खांदा सोमवारी नऊ तास पुन्हा वाकला तर तो पुन्हा भरणारच. तुमची खुर्ची मशीनच्या मानाने फार खाली असेल तर शिवताना खांदे आपोआप कानांकडे जातात. बसायला उशी घ्या, कोपरं टेबलाच्या पातळीला आली पाहिजेत. हुक आणि काजं करताना ब्लाउज मांडीवर ठेवून मान खाली घालता ना? मांडीवर तक्क्या घ्या, काम डोळ्यांकडे वर येऊ द्या. कटिंग जमिनीवर बसून करत असाल तर ते टेबलावर न्या. आणि घड्याळाकडे बघून उठणं शिलाईच्या धांदलीत होत नाही, हे मला माझ्याकडे येणाऱ्या शिंपीणबायांनीच शिकवलं. म्हणून बॉबिनशी बांधा. बॉबिन संपली की ती भरायच्या आधी उठायचं, दाराशी जायचं, हात मागे बांधून छाती पुढे काढायची, तीन श्वास घ्यायचे, मग बॉबिन भरायची.

सहा आठवडे असं करून फरक नाही पडला तर सांगलीतच एखाद्या पदवीधर फिजिओथेरपिस्टला दाखवा. खांद्याची ताकद आणि मानेची हालचाल तपासून ते तुम्हाला व्यायाम बसवून देतील.

भिंतीवरची खडूची रेघ पुसू नका. तुमची कपड्यांची दोरी किती उंच आहे ते मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला एक जाड खूण करून ठेवा. बोटं तिथवर पोचली, की ज्या दिवशी पहिली साडी वाळत टाकाल त्या दिवशी मला कळवा.